नावांचा रकाना

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, असं माझ्या निरोपाच्या भाषणात सांगितलं गेलं. त्यातली शिकवण्यात किती गेली आणि माहिती भरण्यात किती, हे मात्र कुणी सांगितलं नाही. बाहेरच्यांना वाटतं, मास्तरकी म्हणजे खडू, फळा आणि लांबलचक उन्हाळी सुट्टी. अहो, शाळेत आज किती मुलं जेवली, किती झाडं जगली, मुलींच्या संडासाला दार आहे का, असलं तर आतून कडी आहे का, हे सगळं वर कळवावं लागतं आणि तेही ‘आजच्या आज, चार वाजेपर्यंत’. हा निरोप येतो साडेतीनला.

माझी शेवटची अकरा वर्षं पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेला, बीडच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात गेली. पहिली ते आठवीची शाळा, आम्ही सहा शिक्षक. तिथं मला ‘तंत्रस्नेही शिक्षिका’ ही पदवी चिकटली. झालं असं की, एका बैठकीत साहेबांनी विचारलं, तुमच्यात कॉम्प्युटर कुणाला येतो? पाचही जणांनी माझ्याकडे बघितलं. कारण काय, तर भाच्याच्या लग्नाची पत्रिका मी घरच्या कॉम्प्युटरवर केली होती. त्या एका पत्रिकेपायी पुढची सगळी नोकरी मी लॅपटॉपसमोर काढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमचे हेडसर भला माणूस. नवीन काहीही दाखवलं की त्यांचा एकच प्रश्न असे, “मॅडम, फुकट आहे ना?” फुकट ते पौष्टिक, हाच आमच्या शाळेचा खरा सुविचार होता, फक्त फळ्यावर लिहिलेला नव्हता. फुकटाच्या तऱ्हा तरी किती. टाळेबंदीत आम्ही फुकटात ऑनलाइन वर्ग घ्यायचो, तो चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडायचा. मी अपूर्णांकांचे छेद समान करायला घेतले की नेमका. फुकटात मिळालेली साठवणीची जागा ‘सुप्रभात’च्या गुलाबांनी भरून जायची आणि चाचण्यांच्या उत्तरांना जागा उरायची नाही. त्याच काळात घरबसल्या प्रश्नमंजुषा सोडवून प्रमाणपत्रं मिळवायची साथ आली होती. आमच्या एका सहकाऱ्यांनी योगापासून जलसाक्षरतेपर्यंत अशी साठ-पासष्ट प्रमाणपत्रं मिळवून छापून वर्गात लावली. जलसाक्षरतेचं प्रमाणपत्र ज्या भिंतीवर होतं, त्याच भिंतीला वरची टाकी गळून ओल आली होती.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मोफत मिळणाऱ्या त्या ऑनलाइन फॉर्मनी आणि तक्त्यांनी आमची खरी कामं केली. फॉर्म म्हणजे प्रश्नावली. शिक्षकाने वस्तीवर उभं राहून मोबाईलवर उत्तरं भरली की ती आपोआप शाळेच्या तक्त्यात जाऊन बसतात, एकेका मुलाची एकेक आडवी ओळ. सहा जणांच्या सहा वह्या एकत्र करत बसायला नको. शाळेचं एकच खातं होतं आणि सगळे त्याच खात्यातून कामं करायचे. पासवर्ड म्हणजे हेडसरांच्या मोटरसायकलचा नंबर. तो कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहिलेला होता, कारण सहापैकी चार जण तो दर सोमवारी विसरायचे. मोटरसायकल फाटकाशीच उभी असायची, तरी विसरायचे.

आता दहिफळे गुरुजींबद्दल सांगते. त्यांची निवृत्ती तेव्हा दीड वर्षावर आली होती. उंचेपुरे, बोटं भेंड्यांसारखी जाड. मोबाईल ते तापलेल्या तव्यासारखा लांब धरायचे आणि बटण दाबण्याआधी बोट शर्टाला पुसायचे. एकदा शाळेतल्या सुविधांचा फॉर्म त्यांनी भरला. सुरुवातीला चार-पाच ‘होय’ लागले तसं त्यांनी शेवटपर्यंत ‘होय’च दाबत नेलं. आठवड्याने वरून फोन आला, तुमच्या शाळेला पोहण्याचा तलाव आहे म्हणता, त्याचे फोटो पाठवा. आमच्याकडे मार्चपासून प्यायला टँकर! पुढे वर्षभर कुणीही गुरुजींना विचारायचं, “गुरुजी, पोहायला कधी जायचं?” तेही हसायचे. त्या हसण्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

वस्तीवर माहिती घ्यायला गेले की गुरुजी आधी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचे, ते त्या घरच्यांना वाचून दाखवायचे, मग मोबाईलवर भरायचे, मोबाईल त्यांच्याकडे फिरवून “बघ गं पोरी, नीट लिवलंय का” असं घरातल्या शिकलेल्या पोरीला विचारायचे आणि मगच पाठवायचे. एका घराला पाऊण तास. मी वैतागायचे. म्हणायचे, गुरुजी, वही सोडण्यासाठी तर हे आणलं आणि तुम्ही दुप्पट काम करताय. ते म्हणायचे, “बाई, मोबाईल सरकारचा हाय, वही माझी हाय.”

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातली निम्मी घरं ऊसतोडीला निघतात. मुकादम ट्रॅक्टर लावतो, त्यात माणसं, भांडी, शेळी, कोंबड्या आणि पोरं. पोरं गेली की त्यांची शाळा उन्हाळ्यापर्यंत गेली. ती गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह असतं. नाव मोठं, पण त्याला इमारत नसते. मुलं आजीकडे, चुलत्याकडे झोपतात, दोन वेळचं जेवण शाळेत होतं आणि संध्याकाळी एक शिक्षक अभ्यासाला थांबतो. त्यासाठी दिवाळीआधी प्रत्येक घरी जाऊन विचारायचं: आई-बाप जाणार का, कुठल्या कारखान्यावर, मोबाईल नंबर काय, आणि मुलाला वसतिगृह हवं की नको. ज्यांना ‘हवं’ त्यांची यादी होते. यादीत नाव असलं की आई-बाप निर्धास्त ट्रॅक्टरमध्ये बसतात.

हे सगळं फॉर्मवर आणायचं हा माझा हट्ट. तीन जण विरोधात होते. पण पहिल्याच वर्षी त्याचा गुण आला. पूर्वी गेलेलं पोर म्हणजे गेलं, कुठं आहे ते देवाला ठाऊक. त्या वर्षी तक्त्यात कारखान्याचं गाव होतं, नंबर होता. यादीत नसलेली, आई-बापांबरोबर गेलेली नऊ पोरं आम्ही फोन करकरून शोधली आणि तिथल्या जवळच्या शाळांत बसवली. दोघं भाऊ तर शिर्डीकडच्या एका शाळेत गॅदरिंगला नाचले, त्याचा व्हिडिओ आला. हेडसरांनी तो सगळ्या तालुक्याला पाठवला. मग काय, आसपासच्या शाळांचे शिक्षक आमचा तक्ता बघायला येणार असं ठरलं. मी हवेत होते, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. फॉर्म भरून झाले, तक्त्यात एक्केचाळीस मुलं आली. अडतिसांना वसतिगृह ‘हवं’, तिघांना ‘नको’. नावं मात्र ज्याचा फॉर्म आधी आला तो आधी, अशी कशीही लागली होती. मला ती अकारविल्हे लावायची होती. मधली सुट्टी, बाहेर खिचडीची रांग, दोन पोरं ताटावरून भांडत होती. एक डोळा त्यांच्यावर ठेवून मी लॅपटॉपवर नावांचा रकाना निवडला आणि अकारविल्हे लावला. नावं सुरेख लागली. मग ‘हवं’ असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या, यादी केली, तिचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि ताटावरून भांडणाऱ्यांचे कान धरायला बाहेर गेले.

काय झालं ते ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी फक्त नावांचा रकाना हलवला. शेजारचे सगळे रकाने, बापाचा नंबर, कारखाना, हवं की नको, ते जागच्या जागी राहिले. म्हणजे माणसं खुर्च्यांवरून उठली आणि दुसऱ्यांच्या ताटावर जाऊन बसली. जवळजवळ सगळ्यांच्या ताटात ‘हवं’च होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या तिघांना खरोखर नको होतं, ती यादीत आली; नाव लागलंच आहे म्हणून आई-बापांनी त्यांना गावातच ठेवलं आणि ती खुशाल जेवून जाऊ लागली. ज्यांना हवं होतं अशी तीन नावं यादीतून गळली. त्यांतल्या दोघांच्या आया गावातच होत्या. त्या दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन भांडल्या, राहून गेलं असेल म्हणत मी नावं खाली हाताने लिहिली. तिसरी होती आठवीतली शीतल. ती गावापासून तीन किलोमीटरवरच्या माळवस्तीवर राहायची.

शीतल माझी विद्यार्थिनी. काळ, काम, वेगाची गणितं ती ऊसतोडीवर बसवायची. ‘दहा मजूर एक भिंत’ म्हटलं की वैतागायची, ‘पाच कोयते एक फड’ म्हटलं की तोंडी उत्तर द्यायची. एक कोयता म्हणजे तोडणारं एक जोडपं, हे तिनेच मला सांगितलं. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला मी तिला जूनपासून बसवत होते. पास झाली असती तर तिला बारावीपर्यंत कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. दिवाळीनंतर शाळा उघडली आणि शीतल नाही. तक्ता बघितला, तिच्या नावापुढे ‘नको, पालकांसोबत जाणार’. मला असा संताप आला त्या बापाचा! असली पोरगी आणि ऊस तोडायला नेतो? पंधरा दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. माझ्या शिव्या साध्या नसतात.

मग तिचं परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. परीक्षा येत्या रविवारी. मी तक्त्यातला नंबर फिरवला आणि नमस्कारही न करता सुरू झाले. पोरीच्या आयुष्याचं वाटोळं करायला निघालात का, एवढी हुशार मुलगी, लाज वाटत नाही का. पलीकडचा माणूस सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “बाई, कुनाला बोलताय? माझं पोरगं तर तुमच्याच शाळेत हाय. दुसरीला.”

मी फोन ठेवला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्या तक्त्याचा इतिहास उघडला. कोणता बदल कधी झाला हे तो तक्ता जपून ठेवतो, चूकसुद्धा. नावांचा रकाना हलला तो दिवस होता, वेळ होती, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. कुणी हलवला, तिथं मात्र शाळेचं नाव. एकच खातं, एकच पासवर्ड, सहा शिक्षक. दुसऱ्या कुणाला कधीच कळलं नसतं. मला कळलं. ती ताटावरची भांडणं अजून कानात होती.

मी गुरुजींकडे गेले, कारण माळवस्तीची पाहणी त्यांनी केली होती. शीतलच्या वडलांचा खरा नंबर तुमच्या वहीत आहे का, एवढंच विचारलं. त्यांनी वही काढली, पान उघडलं. ते पान ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग वही मिटून घेतली आणि नंबर तोंडी सांगितला.

फोन लागेना. हेडसरांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. त्यांनी तक्त्यातली शीतलची तेवढी ओळ बघितली आणि विचारलं, माळवस्तीला कोण गेलं होतं? मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते, असं मी स्वतःला अजून सांगते. त्याआधी गुरुजी म्हणाले, “मीच गेल्तो. माझं बोट जाड हाय, चुकून ‘नको’वर पडलं आसंल.”

कुणीतरी पोहण्याच्या तलावाची आठवण काढली. हसले सगळे. मी हसले नाही, पण बोललेही नाही. का बोलले नाही? भ्याले. दुसऱ्या आठवड्यात त्या बाहेरच्या शिक्षकांना तक्ता दाखवायचा होता. तंत्रस्नेही बाईच्या हातून एवढी ढोबळ चूक? मी वाट बघितली ऑफिस रिकामं व्हायची, मग इतिहासातून जुना तक्ता परत आणला आणि पुढचं सगळं बिनचूक केलं. दोन बोटांचं काम होतं.

वहीत शीतलच्या बापाचा कारखाना सांगलीकडचा लिहिलेला होता. गुरुजी त्याच संध्याकाळच्या एसटीने तिकडे निघाले, स्वतःच्या रजेवर. मला मुलांना घेऊन परीक्षा केंद्रावर जायचं होतं म्हणून मी थांबले. कारण खरं होतं आणि मला ते सोयीचंही होतं. रविवारी केंद्रावर शीतलचं बाक रिकामं राहिलं. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलली होती, शोधण्यात गुरुजींचे दोन दिवस गेले. मंगळवारी सकाळी ती दोघं शाळेत आली. शीतलच्या हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. तिने मला विचारलं, बाई, पेपर सोपा होता का? मी म्हटलं, अवघड होता.

गुरुजींनी सांगितलं, तिचा बाप कोपीपुढे, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या झोपडीपुढे, उभा राहून म्हणाला, मास्तर, यादीत नाव न्हवतं की ओ. शीतल म्हणत होती शाळेत जाऊन विचारू, पण मुकादमाचा ट्रॅक्टर उभा होता आणि मोबाईलवर आलेल्या यादीला विचारायचं तरी कसं. हे मला आजही टोचतं. पूर्वी आम्ही यादी हाताने लिहून मारुतीच्या देवळाच्या भिंतीला चिकटवायचो. लोक तिच्याशी भांडायचे. आमच्या पोराचं नाव का न्हाई, हे नाव चुकीचं हाय, असं म्हणून बोटाने खुणा करायचे. तीच यादी छापील अक्षरांत मोबाईलवर आली तर, शाळेजवळच्या त्या दोन आया सोडल्या, तर सगळे गप्प बसले. मोबाईलवर आलं म्हणजे सरकारी झालं. हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

त्यानंतर गुरुजींना कुणी मोबाईलवर काही भरायला दिलं नाही. ‘राहू द्या गुरुजी, आम्ही भरतो.’ त्यांची माहिती तरुण शिक्षक भरायचे. पाहणीला ते जायचे, वहीत लिहून आणायचे, दुसरा कुणी टाकायचा. त्यांच्या निरोप समारंभात एकाने विनोद म्हणून तलावाचा आणि यादीचा, दोन्ही किस्से सांगितले. मीही बोलले. गुरुजी किती प्रेमळ, किती शिस्तीचे, सगळं बोलले. एक सोडून.

मागच्या वर्षी मीही निवृत्त झाले. आता राहुरीला असते. या दिवाळी अंकासाठी ‘नोकरीतले गमतीदार अनुभव’ लिहून मागितले होते. लिहायला बसले, पोहण्याच्या तलावाचा किस्सा छान रंगवला आणि त्यामागोमाग यादीचा किस्सा आला. तिथं हात थांबला. ‘एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं बोट चुकलं’ असं माझ्या हाताने लिहवेना. कागद तसाच टाकला आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरून गुरुजींच्या गावी गेले.

गुरुजी अंगणात तूर निवडत बसले होते. मी चहासुद्धा घेतला नाही, आधी सांगून टाकलं. एक वाजून वीस मिनिटं, नावांचा रकाना, सगळं. त्यांनी मान वर केली नाही. तूर निवडत म्हणाले, “मला ठावं हाय.”

“कधीपासून?”

“तुमी नंबर मागाय आल्ता तवापासून. वहीत ‘हवं’ लिवलेलं हुतं. पोरीला दाखवून मगच पाठवलं हुतं. माझं बोट चुकलं न्हवतं.”

मी म्हटलं, मग तुम्ही तसं का सांगितलं? ते म्हणाले, “तिघं जन टपलेच हुते त्या मोबाईलवर. तुमची चूक निघाली आसती, तर शाळेतनं तक्ता गेला आसता. त्यो गेला आसता तर नऊ पोरं पुन्यांदा कोन शोधनार? माझी निघाली तर काय, निस्तं माझ्या हातातनं मोबाईल जानार. मला तरी कुठं आवडत हुता?”

मग सुपातला खडा काढून बाजूला टाकत म्हणाले, “पन बाई, निरोपाच्या दिशी तरी बोलाल, आसं वाटलं हुतं मला. लई वाट बघितली.”

मला रडू आलं. मी त्यांच्यासमोर रडले, लपवलं नाही. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला, तो घेतला. बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की आता सगळं फिटलं असं वाटायला लागलं. उठायला लागले तर गुरुजी म्हणाले, “मला सांगितलंत ते झालं. माझं काय गेल्तं? परीक्षा शीतलची गेली. तिला सांगितलं का?”

नव्हतं सांगितलं. खरं सांगते, मनातही आलं नव्हतं. इतकी वर्षं मी गुरुजींच्या नावाला लागलेल्या डागाचाच विचार करत होते. त्यांनी ती निळी वही आणली, शीतलचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. ती आता पाथर्डीत बारावीला आहे, खोली करून राहते. सकाळी कॉलेज आणि दुपारी एका दुकानात काम.

फाट्यावर गाडीची वाट बघत मी तिला फोन केला. ती ओळखून एकदम खूश झाली. मी सांगितलं. मी म्हटलं, शीतल, राग आला असेल तर बोल. ती म्हणाली, “आला ना, बाई. दुकानात उभं राहून पाय दुखले की त्या परीक्षेची आठवण येतेच.” मग म्हणाली, “पण बाई, हे तुम्ही आमच्या आण्णांना सांगा. ते अजून म्हणतात, तू सांगत होतीस, मी शाळेत जाऊन विचारायला पाहिजे होतं. दरवर्षी ट्रॅक्टरमध्ये बसताना म्हणतात.”

राहुरीकडे जाणारी गाडी समोर येऊन थांबली. कंडक्टरने दोनदा विचारलं. मी नको अशी मान हलवली आणि माळवस्तीला जाणारी रिक्षा शोधली.

शीतलचे वडील घरीच होते. अजून तोडीला निघायला अवकाश होता. पंधरा दिवस ज्याला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, तो माणूस मी पहिल्यांदा नीट बघितला. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण दिसायला मोठा. त्याने बाजेवर गोधडी अंथरली, बसा म्हणाला. मी उभ्यानेच सांगितलं. यादी बरोबर नव्हती. तुमच्या पोरीचं नाव तिच्यात असायलाच हवं होतं. ते माझ्या हातून गेलं. गुरुजींच्या नाही.

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

“म्हंजी बाई,” तो म्हणाला, “माझी चूक न्हवती?”

“नव्हती.”

त्याने तेच पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग तो दारात गेला आणि आत बायकोला म्हणाला, “आगं, ऐकलंस का? भाईर ये. बाई काय म्हनत्यात ते ऐक.” ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि मी तिच्यासाठी पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.